साडेपस्तीस

मुलांचे बूट चौतीसला संपतात.
मोठ्यांचे सदतीसपासून सुरू.
मधल्या फटीत, कंपनीच्या हिशेबाने,
कुणी राहतच नाही.

थेमेलिना तिथे राहते.
उजवा पाय साडेपस्तीस, डावा किंचित कमी.
मी मोजलाय पितळी पट्टीवर, दोनदा,
कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही
आणि दुसऱ्यांदा तिचा.

कालिम्नोसला एप्रिल लागला की
बोटीतून दोरांची ओझी घेऊन माणसं उतरतात.
जर्मन, पोलिश, कोरियन टाचा
आमच्या बाकावर ओळीने बसतात.
मिकेस बूट विकतो, मी झिजलेले तळवे बदलतो.
रबराचा वास माझ्या पावालाही येतो.

एकशे एकोणसाठ युरो,
एवढ्याशा चामड्याचे.
पुढून चोचीसारखा वाकलेला,
आत बोटांनी मुठीसारखं मिटून बसावं असा.
चालायला निरुपयोगी;
दुकानाच्या दारापर्यंतसुद्धा कुणी घालून जात नाही.
थेमेलिनाने किमतीची चिठ्ठी उलटी करून पाहिली,
मागे काही वेगळं लिहिलंय का म्हणून.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
ती मासूरीच्या हॉटेलात दिवसाला चौदा अंथरुणं घालते,
सगळी दुसऱ्यांच्या पायांसाठी.
चादरी झटकल्या की पांढरी पूड उडते,
कड्यावर हाताला लावतात ती.
पाहुणे जेवायला उतरतात
तेव्हा ती अ‍ॅप्रन खुंटीला अडकवते
आणि आर्मेओसच्या कड्याखाली जाऊन
कमरेला दोर बांधते.

पायात चौतीसचे.
कुणा डॅनिश मुलाचे, खोलीत विसरलेले,
टाचेवर हिरवा डायनोसोर.
नखं काळी पडलीत.
दुखतं का, विचारलं तर म्हणते,
वर असताना नाही.

तिचे आजोबा साकेलारिस
समुद्राच्या तळाशी स्पंज कापायचे.
तांब्याचं शिरस्त्राण, रबरी पोशाख
आणि शिशाच्या तळव्यांचे बूट,
अख्ख्या बोटीत मिळून एक जोड, एकच माप.
पंधराव्या वर्षी त्यांनी पाय घातला
तर आत अजून एक पाय मावला असता.
कप्तानाने चिंध्या कोंबल्या,
म्हणाला, खाली गेल्यावर पाय वाढतो.
आगाऊ पैसे घरी पोचले होते,
तेव्हा मापाचा प्रश्नच नव्हता.

त्याच पाण्याच्या वर, साठ हात उंच,
नात डायनोसोरची टाच
एका छिद्रात अडकवून उभी असते,
आणि खालून मिकेसची मुलगी ओरडते,
उजवा पाय! अगं, उजवा!

जानेवारीत मिकेसने इटलीला फोन लावला.
साडेपस्तीस बनतं, ते म्हणाले, साचा आहे,
पण एकदम सहा जोड घ्यावे लागतील.
सहा.
मिकेसने फोन ठेवला आणि बराच वेळ
माझ्याच पायांकडे पाहत राहिला.

म्हणून गल्ल्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीने यादी आहे.
पहिली थेमेलिना.
मग नोमिकी, फेरीची तिकिटं फाडणारी;
जन्मात कडा चढलेली नाही, पण पाय बसतो.
मग शाळेतली एक मुलगी, पुसट अक्षरात,
कारण बूट येईतो तिचा पाय थांबेल याची खात्री नाही.
मिकेसची बायको म्हणाली, माझंही लिही,
घरात घालीन.
त्या किमतीत घरात घालायला,
यावर दोघं दोन दिवस बोलत नव्हती.
पुढे दोन रेघा, मोकळ्या.

काल थेमेलिनाने गल्ल्यावर वीस युरो मोजले,
सगळी नाणी, उशांखाली सापडलेली बक्षिसी.
आगाऊ, म्हणाली.
यादी भरली नाही तर परत द्यावे लागतील, मी म्हटलं.
ती बोलली नाही.
मी पावती फाडायला घेतली.
छापील रकान्यात दोनच आकड्यांची जागा,
अर्धा कुठे लिहायचा कळेना;
शेवटी कडेला, उभा लिहिला.
तिने वाकून वाचलं.
डावा किंचित कमी आहे, म्हणाली,
तेही लिही.